अभिमान आमचा, पोरे दुसऱ्यांची

२३ ऑगस्ट २०२३ची संध्याकाळ अकोटात कुणी विसरले नसेल. चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरले आणि दिवाळीला अडीच महिने अवकाश असताना आमच्या आळीत फटाक्यांच्या लडी सुटल्या. शेजारचे एक गृहस्थ, आठ एकर कोरडवाहूचे धनी, बाजारातून पेढ्यांचा पुडा घेऊन आले. पहिला पेढा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "पाह्यलं का गुरुजी? आपल्या पोट्ट्यांनं चंद्र गाठला ना बाप्पा!"

पुढच्याच उन्हाळ्यात याच गृहस्थांच्या मुलीला विमान व अवकाश अभियांत्रिकीच्या एम.टेक.साठी प्रवेशाचे पत्र आले. मुलगी यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर. गेटची परीक्षा तिने घरी बसून, शिकवणीवाचून दिली होती. पत्र घेऊन बाप माझ्या ओसरीवर आला, सतरंजीवर बसला आणि बराच वेळ पान चघळून म्हणाला, "गुरुजी, आणखीन दोन वर्सं कायले जी? पुन्याची कंपनी घरी चालून आली. इमान शिकून पोट्टी करन काय?"

मुलगी आज हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. पगार बरा आहे, तक्रार करण्यासारखे काही नाही. चंद्रावर उतरणारी पोरे 'आपली' असतात. घरातली पोर मात्र तिकडे जाऊ लागली की 'कायले जी?' असा प्रश्न उभा राहतो. माझे भांडण या एका प्रश्नाशी आहे, आणि ते ऐन दिवाळीत, फराळाचे ताट समोर असताना, मी वाचकांपुढे मांडणार आहे.

आधी माझा स्वतःचा कबुलीजबाब. चाळीस वर्षे मी गणित शिकवले. माझा मुलगा विमानविद्या शिकायला बंगलोरला जातो म्हणाला, तेव्हा 'आधी पोटापाण्याचे बघ' हे वाक्य मीच उच्चारले होते. तो आज सुस्थितीत आहे आणि त्याने मला एका शब्दाने कधी दोष दिलेला नाही. तो देता, तर हा लेख मला लिहावा लागला नसता. तेव्हा पुढे जे कठोर लिहीन, त्यात पहिला आरोपी मी आहे असे समजावे.

आम्हां मराठी माणसांना आकाशाचा अभिमान फार. पण तो फुकटचा हवा. त्याची किंमत मोजायची वेळ आली की आम्ही दोन आडोशांमागे लपतो. एक आडोसा पोथीचा आणि दुसरा पगाराचा.

पोथीचा आडोसा आधी पाहू; कारण दिवाळी अंकांनी तो आजवर पुष्कळ सजवला आहे. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, ही कथा घराघरांत आहे. तळपदे नावाचा अभ्यासू, धडपड्या माणूस होऊन गेला, याबद्दल वाद नाही. पण त्या उड्डाणाचा तपासून घेता येईल असा त्या काळचा पुरावा पुढे आलेला नाही. पुरावा नसला की आम्ही 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथाकडे बोट दाखवितो आणि तो भारद्वाज ऋषींचा म्हणून सांगतो. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरही त्याचा गजर झाला. परंतु बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ सालीच हा ग्रंथ ओळीओळीने तपासला होता. त्यांनी निष्कर्ष छापला तो असा की ग्रंथ १९०४च्या आधीचा नाही, आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्याच्या लायकीची नाहीत. तपासणारे साहेब नव्हते. आपल्याच देशातले, विमानविद्या पदव्युत्तर वर्गात शिकविणारे लोक होते. ज्यांना खरोखर विमान कळते, त्यांनाच खोटे विमान ओळखता येते.

१९०४ हे साल वाचकांनी क्षणभर लक्षात ठेवावे. त्याच साली जर्मनीत हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत लुडविग प्रांटल या तरुण प्राध्यापकाने एक छोटासा निबंध वाचला. त्यात त्याने दाखविले की वाहती हवा एखाद्या पृष्ठाला लागून जाते तेव्हा पृष्ठालगतचा एक अगदी पातळ थर चिकटून मंदावतो, आणि पंखाला होणारा अडथळा समजून घ्यायचा तर या थराचा हिशेब केला पाहिजे. आजच्या विमानाचा पंख या मूठभर पानांवर उभा आहे. तिकडे मूठभर पाने, इकडे ऋषींच्या नावावर खपविलेली पोथी. पानांतून विमाने निघाली आणि पोथीतून भाषणे.

आता पुढची गोष्ट ऐका, कारण ती मराठी आहे. कोल्हापूरकडच्या हसूर गावी १९०८ साली जन्मलेला विष्णू माधव घाटगे नावाचा मुलगा याच प्रांटलपाशी, ग्योटिंगेनला, डॉक्टरेटसाठी जाऊन राहिला. शिकून परत आला. १९४२ साली भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले, ते उभे करण्यात त्याचा हात होता. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्याच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान रेखाटले गेले आणि १९५१ साली ते उडाले. १९६४ साली 'किरण' हे जेट विमान उडाले तेही त्याच्याच हाताखाली. आपल्या वायुदलातल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या या यंत्रांवर शिकल्या.

आपल्या मुलांना विचारून पाहा. तळपद्यांचे नाव दहांतल्या सहांना ठाऊक निघेल. तळपद्यांवर २०१५ साली हिंदी चित्रपटही निघाला. घाटग्यांचे नाव एकाला तरी ठाऊक असेल का, मला शंका आहे. न उडालेल्या विमानाचा आम्हांला अभिमान आणि उडालेल्याचा विसर! कारण उघड आहे. तळपद्यांच्या कथेचा अभिमान बाळगायला काही करावे लागत नाही. घाटग्यांचा अभिमान बाळगायचा तर कुणाला तरी हसूरहून ग्योटिंगेनला पाठवावे लागते.

आमच्या अकोटाजवळ नरनाळ्याचा किल्ला आहे. वर नऊगजी तोफ पडली आहे. दर सहलीला मुले तिच्यावर बसतात आणि आम्ही मास्तर लोक पूर्वजांचे गोडवे गातो. पण ती तोफ मंत्राने आलेली नाही. कुणी तरी धातू वितळवला असेल, साचा केला असेल, पहिले ओतकाम फसले असेल, पुन्हा केले असेल. राइट बंधू तरी कोण होते? सायकली दुरुस्त करणारे. छापील कोष्टके चुकतात असे दिसताच त्यांनी १९०१ साली घरी लाकडी पेटीचा वातबोगदा बनविला आणि सुमारे दोनशे पंखांचे नमुने त्यात तपासले. १७ डिसेंबर १९०३चे ते पहिले उड्डाण बारा सेकंदांचे. अंतर १२० फूट. विमानविद्येचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे त्या लाकडी पेटीची, त्या दोनशे नमुन्यांची शिस्त. तिच्यात चमत्कार नाही, म्हणूनच ती शिकता येते.

'पण हे आमच्या गावाशी काय नाते?' असे कुणी विचारील. नाते आहे, आणि ते बसायच्या सतरंजीत आहे. अकोटच्या सतरंज्या एके काळी लांबवर जात. मागावर बसलेल्या कारागिराला विचारा: धाग्याची ताकद त्याच्या लांबीच्या दिशेला असते, म्हणून उभा धागा हवा आणि आडवाही हवा. आता नव्या विमानाचे अंग पाहा. बोईंग ७८७ या विमानाचे निम्मे वजन अशाच विणीच्या पदार्थांचे आहे. कार्बनच्या तंतूंचे कापड वेगवेगळ्या कोनांत थरावर थर ठेवायचे, मध्ये राळ भरायची आणि दाबाखाली भट्टीत भाजायचे. पोलादापेक्षा हलके आणि भाराच्या दिशेला तितकेच खंबीर असे अंग तयार होते. कोणता थर कोणत्या कोनात ठेवावा, भार आला की तडा कुठून जाईल, हे गणित एम.टेक.च्या वर्गात शिकवितात. याच विमानाच्या तळाखालच्या तुळया आमच्या विदर्भात, नागपूरच्या मिहानमध्ये, बनत आल्या आहेत. तेव्हा हे आकाश आपल्याला वाटते तितके दूर नाही.

आता दुसरा आडोसा, पगाराचा. इथे मी बापाची बाजू आधी मांडतो, कारण ती लटकी नाही. आठ एकर कोरडवाहू, कापसाला भाव मिळेल तो खरा, डोक्यावर सोसायटीचे कर्ज, मागे आणखी एक मुलगा शिकायचा. अशा घरात बावीस वर्षांच्या मुलीला दरमहा पगार मिळत असताना 'आणखी दोन वर्षे' हे शब्द बापाच्या छातीत कळ आणतात. या माणसाला 'ध्येय', 'राष्ट्र' अशा मोठ्या शब्दांनी हिणवणारा लेखक मला निर्लज्ज वाटतो. त्याला हिशेब दाखवला पाहिजे.

हिशेब असा. गेटमधून एम.टेक.ला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला सरकारी संस्थेत दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. मुलगी त्यातून घरी पैसे पाठविणार नाही हे खरे. पण घरूनही फारसे मागणार नाही. पुढे संशोधनाला राहिली तर जानेवारी २०२३ पासून छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००. म्हणजे जमीन गहाण टाकावी लागत नाही. 'शिक्षणापायी घर बुडेल' ही भीती डोनेशनच्या महाविद्यालयाबाबत खरी आहे, परदेशी कर्जाबाबत खरी आहे. या दरवाजाबाबत नाही.

दरवाजा हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. सतराव्या वर्षी आमच्या पोरांपुढे मोठ्या संस्थांचे जे दार येते, त्याची किल्ली कोटा-लातूरच्या शिकवणीवर्गांत मिळते, आणि ती महाग असते. अकोटच्या शाळेतून निघालेले मूल तिथे मागे राहते. ते शेगावला, बडनेऱ्याला, अमरावतीला यंत्र अभियांत्रिकी करते आणि आई-बाप समजतात की झाले, त्याची उडी इथपर्यंतच. परंतु एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी दुसरे दार उघडते, ते गेटचे. त्यातून यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर भारतीय विज्ञान संस्थेत, मुंबई, कानपूर, मद्रास, खरगपूरच्या आयआयटींत विमान व अवकाश विभागात जाऊ शकतो. मुंबईला तर वायुगतिशास्त्र, प्रणोदन, संरचना, गती व नियंत्रण अशा चार शाखा आहेत. शिकवणीच्या पैशाअभावी जे दार मिळाले नाही, ते नियतीने पुन्हा दाखविले, आणि आम्ही घरातूनच कडी घालतो!

आता पुढच्या पोटापाण्याचे स्पष्ट सांगतो. इस्रोत शास्त्रज्ञ-अभियंता म्हणून शिरायला पदवी आणि ६५ टक्के गुण पुरेसे असतात, एम.टेक.ची सक्ती नाही. मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. जागा थोड्या, अर्ज अफाट. मग एम.टेक. कशाला? ज्याला नुसते टिकायचे नसून रेखाटायचे आहे त्याच्यासाठी. इंजिनात ज्वाला कशी स्थिर राहील, पंख कोणत्या वेगाला थरथरू लागेल, यान हवेत शिरताना किती तापेल, या प्रश्नांवर बसविण्याजोगा माणूस या दोन वर्षांत घडतो. त्याला हिंदुस्थान एरोनॉटिक्स आहे, संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत, बंगलोरची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा आहे, परदेशी कंपन्यांची तिथली रेखाटन केंद्रे आहेत. २०२० साली अवकाशक्षेत्र खासगी उद्योगाला खुले झाले. हैदराबादच्या स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपला अग्निबाण उडविला, मद्रासच्या अग्निकुलने मे २०२४ मध्ये. नवी मुंबईची आयडियाफोर्ज ही ड्रोनची कंपनी आयआयटीतल्या पोरांनी काढली. नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना आहे. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच ओझरहून पुढच्याच महिन्यात तिथे बनलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. हे सारे कुणाच्या तरी पोरांनी केले.

पगार संगणकवाल्यापेक्षा सुरुवातीला कमी पडेल, हे मी लपवीत नाही. ज्याला या विषयाची ओढ नाही त्याने केवळ नावासाठी तिकडे जाऊ नये, हेही सांगतो. आणखी तीन सावधगिरीच्या गोष्टी. एक: वैमानिक, विमानाची देखभाल करणारा परवानाधारक अभियंता आणि विमान रेखाटणारा अभियंता हे तीन वेगळे धंदे आहेत. पहिल्या दोघांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो, तिसऱ्याला पदवी. दारावर विमानाचे चित्र रंगवून तिन्ही एकच असल्याचे भासविणाऱ्या महाविद्यालयांपासून दूर राहावे. दोन: पदवीचे कागद घेण्याआधी तिथे चालू वातबोगदा आहे का, की नुसता उद्घाटनाच्या फोटोत आहे, ते डोळ्यांनी पाहावे. तीन: शेत विकून अमेरिकेला हा विषय शिकायला पाठविण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. तिकडचा शस्त्रनिर्यात-नियंत्रणाचा कायदा असा आहे, की अग्निबाण आणि लढाऊ विमाने बनविणाऱ्या कारखान्यांत नागरिक वा कायम रहिवासी नसलेल्याला सहसा दार उघडत नाही. चाळीस लाखांचे कर्ज काढून पोरगा अग्निबाण शिकेल आणि शेवटी हिंजवडीतच मिळाले असते ते काम करील.

आणि ती मुलगी आहे म्हणून? हा प्रश्न बापाने विचारला नाही. पण तो ओसरीवर आमच्या दोघांच्या मध्ये बसलाच होता. 'एम.टेक. झालेल्या पोरीला नवरा कुठला पाहायचा?' असे तिच्या मावशीने माझ्या घरी येऊन विचारले. मी विचारले, पुण्याच्या नोकरीत दोन वर्षे काढली तर वय वाढणार नाही काय? मावशी हसल्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याच घरच्या लग्नात मांडवावर ड्रोन भिरभिरत होता. वर मान करून वऱ्हाडी हात हालवीत होते. त्या भाड्याला कुणी 'कायले जी' म्हटले नाही. मात्र तो ड्रोन बनवू शकणारी पोर भांडारघरात पंगतीची ताटे पुसत होती.

शेवटचा मुद्दा वऱ्हाडाचा. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. १८६७ पर्यंत त्यांची आगगाडी नागपूरला पोहोचली. ती आम्ही फिरायला जावे म्हणून नव्हे, इथला कापूस मुंबईच्या गोदीत आणि तिथून विलायतेला जावा म्हणून. सरकी इथे राहिली, रुई गेली आणि कापड होऊन चौपट भावाने परत आली. शंभर वर्षे आम्ही याबद्दल इंग्रजाला शिव्या दिल्या. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून पहिले नियमित प्रवासी विमान उतरले. आनंदाची गोष्ट. पण ते एटीआर विमान बनले फ्रान्समध्ये, तुलूझला. आम्ही तिकीट काढून बसणार. आणि आमच्यातल्या ज्या डोक्यांना ते बनविता आले असते, ती डोकी आम्ही कच्च्या कापसासारखी, पहिल्या आलेल्या गिऱ्हाइकाला, पहिल्या वेचणीच्या भावाने विकतो. इंग्रजाने आमचा कापूस नेला. डोक्यांचे काय? ती तर आमची आम्हीच गाडीत भरतो.

सध्या इकडे वेचणी सुरू आहे. सीतादही झाले, पांढऱ्या बोंडांनी शेते फुलली आहेत, आणि पोरे दिवाळीला घरी आली आहेत. शेजारची मुलगीही आली आहे. काल ती माझ्याकडे फराळाला आली तेव्हा मी तिला सहज विचारले, "पत्र ठेवलंस का गं?" ती म्हणाली, "ठेवलं ना काका. पण ते पत्र जुनं झालं. गेटचे गुण मात्र तीन वर्षं चालतात." मग बोटे मोजून म्हणाली, "दोन हंगाम गेले. एक उरला."

संध्याकाळी तिचे वडील आले. करंजीचा तुकडा तोंडात टाकून बराच वेळ बसले. मी त्यांना वरचा हिशेब कागदावर लिहून दाखविला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, १२,४०० या आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, "हे खरंच सरकार देते का जी?" मी म्हणालो, देते. त्यांनी कागदाची घडी केली, सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली आणि काही न बोलता उठून गेले. होकार म्हणावा असे त्यात काही नव्हते. पण कागद त्यांनी सतरंजीवर टाकून दिला नाही.

वाचक हो, अशी पोर तुमच्याही घरात किंवा शेजारी असेल. चंद्रावर यान पुन्हा उतरेल तेव्हा फटाके जरूर उडवा, पेढे वाटा. तोवर या दिवाळीत, ती परत पुण्याच्या गाडीत बसण्याआधी, तिला जवळ बोलावून एकदा एवढेच विचारा, की तुला खरे काय शिकायचे होते? आणि ती सांगेल ते ऐकून झाल्यावर 'कायले जी' हे दोन शब्द, निदान एक रात्र, तोंडातून बाहेर काढू नका.